आंद्रेआस श्टील: चेनसॉ हलकी करणारा माणूस आणि ‘बार किती इंची?’ हा प्रश्न

चेनसॉ घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: बार किती इंची? मोटरसायकल घेताना आपण सीसी विचारतो, तसंच. बार म्हणजे मशीनच्या पुढे आलेली ती चपटी, लांब स्टीलची पट्टी, जिच्या कडेच्या खाचेतून दात असलेली चेन गरगर फिरते. बऱ्याच लोकांचा समज असा की बार जितका लांब तितकी मशीन ताकदवान. हा समज चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे समजून घ्यायचं असेल तर एका जर्मन इंजिनीअरच्या आयुष्यातून जाणं हा मला सगळ्यात सोपा रस्ता वाटतो. त्याचं नाव आंद्रेआस श्टील. नारिंगी-पांढऱ्या मशीनवर आजही तेच आडनाव असतं, आपल्याकडे सगळे ते ‘स्टिल’ असं वाचतात, आणि त्या कंपनीचा भारतातला कारभार पुण्यातून चालतो.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला माणूस. त्यामुळे लेखात मध्येच गुणाकार-भागाकार येतील. घाबरू नका, सगळे शाळेतलेच आहेत.

श्टीलचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा, पण शिक्षण आणि धंदा जर्मनीत. पहिल्या महायुद्धानंतर तो इंजिनीअर झाला आणि १९२३ च्या सुमारास श्टुटगार्टमध्ये भागीदारीत वाफेच्या बॉयलरच्या भट्ट्यांचं काम करू लागला. १९२६ मध्ये त्यानं तिथेच स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीला बॉयलरचं सामान आणि कपडे धुवायची मशीनसुद्धा विकली. लाकूडधंद्यातल्या गिऱ्हाइकांकडे जाता-येता त्याच्या लक्षात आलं की जंगलातलं काम अजून पूर्वीसारखंच चाललंय. दोन माणसं, दोन मुठींची लांब करवत, आणि दिवसभर ओढाताण. करवत गिरणीत मशीन होती, पण झाड तिथपर्यंत आणावं लागायचं. श्टीलला मशीन झाडापर्यंत न्यायची होती.

फिरत्या साखळीवर दात बसवून कापायची कल्पना काही त्याची नव्हे. १८३० च्या आसपास बर्नहार्ड हाइन नावाच्या जर्मन माणसानं हाड कापायचं एक हत्यार केलं होतं, हाताने फिरवायच्या बारीक साखळीचं. म्हणजे चेनसॉचे पूर्वज ऑपरेशन थिएटरमध्ये सापडतात, हे वाचून मला जरा शहारायलाच झालं होतं. आणि पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉच्या बाबतीत श्टीलच्या आधी एमिल लेर्पचं नाव घ्यावं लागतं. त्यानं १९२७ मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर आपली मशीन चालवून दाखवली आणि पुढे डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. त्यामुळे श्टीलला ‘चेनसॉचा जनक’ म्हणतात ते थोडं सैल हातानं म्हणतात. त्याचं खरं काम दुसरं होतं. तीस-पस्तीस वर्षं तो एकच आकडा खाली आणत राहिला: एका हॉर्सपॉवरमागे किती किलो वजन.

१९२६ ची त्याची पहिली चेनसॉ विजेवर चालायची आणि ती उचलायला दोन माणसं लागायची. जंगलात वीज कुठून येणार? म्हणून १९२९ मध्ये पेट्रोलची मशीन आली. सहा हॉर्सपॉवर, ४६ किलो. गव्हाचं पोतं उचलून त्यानं झाड कापायचं, असं समजा. एका टोकाला इंजिन आणि ते धरणारा माणूस, बारच्या दुसऱ्या टोकाला मूठ आणि ती धरणारा मदतनीस.

इथे बारच्या लांबीचा प्रश्न आजच्यासारखा नव्हताच, हे लक्षात घ्या. बारच्या दोन्ही टोकांना माणसं असल्यावर झाड मधे यायचं. म्हणजे बार झाडाच्या व्यासापेक्षा लांबच हवा, त्याशिवाय मशीन वापरताच येत नाही. दुसऱ्या माणसानं टोक धरलेलं असल्यामुळे टोक मोकळं नाही. ते खोडात खुपसता येत नाही, पण ते उसळून तोंडावरही येत नाही.

दुसरी अडचण कार्बोरेटरची. त्या काळच्या इंजिनांत पेट्रोलची पातळी तरंगणाऱ्या फ्लोटवर ठरायची, म्हणजे इंजिन सरळ उभं असेल तरच ते नीट चालणार. उभं झाड पाडताना बार आडवा लागतो, आणि पडलेल्या खोडाचे तुकडे करताना उभा. इंजिन तर आडवं करता येत नाही. मग बारच फिरवायची सोय करायची, काम बदललं की बारचा कोन बदलायचा. नंतर पडदा असलेला, म्हणजे डायफ्रॅम कार्बोरेटर आला आणि मशीन कशीही धरता येऊ लागली. आज आपण चेनसॉ आडवीतिडवी फिरवतो, त्यामागे हा एवढासा रबरी पडदा आहे.

तिसाच्या दशकात श्टीलच्या मशीन उत्तर अमेरिका आणि सोव्हिएत रशियापर्यंत गेल्या. त्याच दशकात त्याच्या आयुष्यातला एक भाग आहे जो यंत्रांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या लेखांत सहसा दोन ओळींत उरकला जातो किंवा येतच नाही. श्टील नाझी पक्षाचा सभासद होता आणि एसएसचाही. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याला पकडून स्थानबद्ध केलं, आणि सुटल्यावर त्यानं कंपनी परत हातात घेतली. चांगल्या मशीनमुळे हे धुऊन निघत नाही, आणि यामुळे मशीनचं गणितही बदलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून दोन्ही सांगितल्या. माझ्या कामातही मी रोज अशा लोकांची टूल्स वापरतो ज्यांच्याबद्दल मला काहीच माहिती नाही. पण चरित्र लिहायला घेतलं तर मग माहिती असलेली गोष्ट गाळायची सोय राहत नाही.

युद्धात बॉम्बहल्ल्यांत श्टुटगार्टच्या कान्श्टाट भागातला त्याचा कारखाना गेला. काम जवळच्या वाइब्लिंगेनकडे हललं, आज कंपनीचं मुख्यालय तिथेच आहे. युद्धानंतरच्या पडझडीच्या दिवसांत कंपनीनं छोटे ट्रॅक्टरही बनवले.

आणि मग १९५०. श्टीलची बीएल नावाची मशीन आली, पेट्रोलवर चालणारी, एका माणसानं वापरायची, १६ किलोची. १९५४ मध्ये बीएलके, ११ किलो. दुसरा माणूस गेला, त्याची मूठ गेली, बारचं टोक मोकळं झालं. ‘किती इंची?’ हा प्रश्न खऱ्या अर्थानं इथे जन्माला आला. कारण आता बार झाडापेक्षा आखूड असला तरी चालतो. एका बाजूनं कापा, फिरून दुसऱ्या बाजूनं कापा, बारच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचं झाड पाडता येतं. टोक खोडात खुपसून आतून कापता येतं. आखूड बार घ्यायचं स्वातंत्र्य मिळालं.

सोबत धोकाही आला. फिरत्या बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला अडला, तर चेन पुढे जायच्या ऐवजी अख्खा बार वर आणि मागे, थेट माणसाच्या डोक्याकडे उडतो. याला किकबॅक म्हणतात, आणि तो इतक्या झटकन होतो की हात आवरायला वेळच मिळत नाही. बार लांब असेल तर टोक नेमकं कुठे आहे हे दिसत नाही. खोडाच्या पलीकडे ते दुसऱ्या फांदीला टेकलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. म्हणून गरजेपेक्षा लांब बार हा नुसता पैशाचा अपव्यय नाही.

१९५९ मध्ये श्टीलची सगळ्यात गाजलेली मशीन आली, कॉन्ट्रा. अमेरिकेत ती लाइटनिंग नावानं विकली गेली. सहा हॉर्सपॉवर, १२ किलो. आता १९२९ चा आकडा आठवा: तेव्हाही सहाच हॉर्सपॉवर होते, पण ४६ किलोत. तीस वर्षांत ताकद तेवढीच आणि वजन जवळजवळ चौथ्या हिश्शावर. एका हॉर्सपॉवरमागे साडेसात किलोच्या वर होतं, ते दोन किलोवर आलं.

कॉन्ट्रात आणखी एक गोष्ट होती जी बारशी थेट जोडलेली आहे. तिच्यात गिअर नव्हते. त्याआधीच्या अनेक मशीनमध्ये इंजिनचा वेग गिअरनं कमी करून मग चेन फिरवायचे. चेन हळू, पण दमदार. कॉन्ट्रात क्लचमागचं स्प्रॉकेट सरळ चेन ओढतं. वेग किती होतो ते आजच्या मापांनी बघू. सात दातांचं स्प्रॉकेट आणि ३/८ पिचची चेन घ्या. एका फेरीत चेन सव्वापाच इंच पुढे जाते. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर चेनचा वेग सेकंदाला २० मीटर येतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हायवेवरच्या गाडीच्या वेगानं दात लाकडातून जात असतात. प्रत्येक दात थोडंच लाकूड काढतो, पण भराभर काढतो.

आता मुख्य हिशेब.

चेनचा पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचा अर्धा भाग. खाली खाचेत बसणारी जी कडी असते तिला ड्राइव्ह लिंक म्हणतात. ३/८ पिचच्या चेनमध्ये दर पाऊण इंचाला एक ड्राइव्ह लिंक येते आणि साध्या, भरगच्च चेनमध्ये दर दोन ड्राइव्ह लिंकला एक दात, म्हणजे दर दीड इंचाला एक. २० इंची बार पूर्ण लाकडात बुडाला की एका वेळी साधारण १३ दात कापत असतात. ३६ इंची बार बुडाला की २४. इंजिन तेच. सहा हॉर्सपॉवर १३ जणांत वाटले तर प्रत्येकाला ०.४६ येतात, २४ जणांत वाटले तर ०.२५. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकच आहे आणि युजर दुप्पट केलेत. काय होतं? सगळंच हळू होतं. इंजिन दबतं, क्लच घसरून तापतो, आणि माणूस वैतागून बार आणखी दाबतो, ज्यामुळे ते आणखी दबतं.

म्हणून अंदाजाची मापं अशी धरतात: ४० सीसीच्या आसपासच्या इंजिनला १४ ते १६ इंच, ५० ला १६ ते १८, ६० ला २०, ७० ला २० ते २८, आणि ३६ इंच लावायचा तर ९० सीसीच्या घरात जावं लागतं. कंपनीच्या पुस्तिकेत मॉडेलप्रमाणे नेमकं दिलेलं असतं आणि अंतिम शब्द तिचाच.

पण इंजिन हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा जंगल ठरवतं.

स्वीडन किंवा फिनलंडमध्ये झाडं बहुतेक बारीक, स्प्रूस आणि पाइन. एका झाडाला कापायला सेकंद लागतात, खरा वेळ जातो फांद्या काढण्यात. तिथला लाकूडतोड्या ५० सीसीच्या मशीनलाही १३ ते १५ इंचाचाच बार लावतो. मशीन हाताच्या पंजासारखी खोडावरून सरकते, चेन लहान असल्यानं धार लवकर लावून होते, आणि इंजिनला दात कमी ओढायचे असल्यानं चेन कधी दबत नाही.

आता अमेरिकेचा वायव्य किनारा घ्या, ओरेगन-वॉशिंग्टनचा डग्लस फरचा पट्टा. खोडं जाड, जमीन तीव्र उताराची. आखूड बारनं दुसऱ्या बाजूनं कापायचं म्हणजे झाडाच्या खालच्या अंगाला जाऊन उभं राहायचं, जिथे सुटलेलं लाकूड गडगडत येऊ शकतं. तिथे माणसं २८, ३२, ३६ इंचाचे बार वापरतात ते हौसेनं नव्हे. वरच्या बाजूला उभं राहून पूर्ण खोड पोचता यावं म्हणून. फांद्या काढतानाही लांब बारमुळे सारखं वाकावं लागत नाही. दिवसाला शेकडो वेळा वाकणं वाचलं की पाठ वाचते.

मग तो २४ दातांचा प्रश्न कसा सोडवतात? दात कमी करून. तिथे स्किप चेन लावतात, जिच्यात दर दोन ऐवजी दर तीन ड्राइव्ह लिंकला एक दात असतो. ३६ इंची बारवर २४ चे १६ दात होतात, म्हणजे इंजिनवरचा भार २४ इंची बार भरगच्च चेनसह लावल्यासारखा होतो. शिवाय लांब कापात भुसा वाहून न्यायला दातांमध्ये जागा लागते, ती आपोआप मिळते. बदल्यात काप थोडा खडबडीत येतो आणि बारीक फांद्यांवर चेन आदळत, धडधडत चालते. जाड झाडासाठीची चेन बारीक कामाला नकोशी वाटते ती यामुळे.

दातांच्या आकारातही त्या ओरेगनचाच हात आहे. आधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे खरवडणारे होते. १९४६ मध्ये जो कॉक्स नावाच्या तिथल्या लाकूडतोड्यानं ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड कशी खाते ते निरखलं. ती डावी-उजवी अशी दोन्ही बाजूंनी कुरतडत सरळ पुढे जात होती. त्यावरून त्यानं आलटून-पालटून डावे-उजवे वळलेले दात असलेली चेन केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. आजच्या जवळजवळ सगळ्या चेन त्याच घराण्यातल्या. श्टीलच्या इंजिनला जोडीदार मिळाला तो असा, अटलांटिकच्या पलीकडून.

या दाताची मापं लाकडाप्रमाणे बदलतात. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, डेप्थ गेज. तो दातापेक्षा किती खाली, त्यावर दात किती खोल चावणार हे ठरतं. ३/८ चेनला साधारण ०.६५ मिलिमीटर. मऊ लाकडात थोडं जास्त चालतं. कडक किंवा गोठलेल्या लाकडात जास्त केलं की मशीन हिसके देते, आणि किकबॅकची शक्यता वाढते. धारेचा कोन सर्वसाधारणपणे ३० अंश, कडक आणि गोठलेल्या लाकडाला २५ बरा. कॅनडाच्या हिवाळ्यात खोड दगडासारखं होतं, आणि ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती-वाळू असते. अशा ठिकाणी टोकदार कोपऱ्याचा फुल चिझल दात तासाभरात बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल थोडा हळू कापतो, पण टिकतो.

लांब बारबरोबर दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली तेल. चेनला तेल पुरवणारा पंप लहान बारच्या हिशोबाचा असेल तर ३० इंचांवर टोकापर्यंत तेल पोचतच नाही. पांढऱ्या कागदासमोर टोक धरून, कागदाला न लावता, मशीन थोडी पळवा. तेलाची रेघ उमटली नाही तर समजा पुढचा भाग कोरडा चाललाय. दुसरी गोष्ट ताण. ३६ इंची बारची चेन दोन मीटरच्या वर लांब असते, काम करताना तापून ती सैल पडते आणि आपण ती आवळतो. काम संपल्यावर तशीच ठेवली तर थंड होऊन आखडते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर रात्रभर ताण देत बसते. संध्याकाळी सैल करून ठेवायची, एवढंच.

साठच्या दशकात श्टीलच्या कंपनीनं मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालून थरथर कमी केली. त्याआधी वर्षानुवर्षं चेनसॉ धरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर व्हायची, तो आजार कायमचा राहायचा. सत्तरच्या सुरुवातीला पुढच्या मुठीसमोर ब्रेकची ती उभी पट्टी आली. बार उसळला की मनगट पट्टीला लागतं आणि चेन जागच्या जागी थांबते. मोकळ्या टोकानं १९५० साली आणलेल्या धोक्यावर उपाय यायला वीसेक वर्षं लागली.

कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १९७१ पासून श्टील हा जगात सर्वाधिक विकला जाणारा चेनसॉचा ब्रँड आहे. आंद्रेआस श्टील १९७३ च्या जानेवारीत गेला, ७६ वर्षांचा होऊन. मुलगा हान्स पेटर आणि मुलगी एफा यांनी कारभार पुढे चालवला.

घरात किंवा शेतावर एखादी चेनसॉ पडलेली असेल तर बारच्या मागच्या बाजूला, जिथे तो मशीनला बसतो तिथे, बारीक अक्षरांत काही आकडे कोरलेले असतात. लांबी, पिच, खाचेची रुंदी म्हणजे गेज, आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. नवी चेन घ्यायला जाताना नुसतं ‘१८ इंची द्या’ म्हणू नका, कारण एकाच १८ इंचाला वेगवेगळ्या पिचच्या आणि गेजच्या चेन येतात. त्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. कोरीव मजकूर झिजला असेल तर जुनी चेन काढून खालच्या कड्या मोजा, आणि मोजायला सुरुवात केली त्या कडीला खडूची खूण करून ठेवा.